अण्णांच्या वह्या

येत्या आषाढात आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, जाऊन वर्ष होईल. गुरुजींना सांगून झालं, कोणाकोणाला बोलवायचं ती यादी झाली, पानात काय काय करायचं तेही ठरलं. आणि मग एका संध्याकाळी माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेचा विषय निघाला.

अशी एखादी ट्रंक आपल्यापैकी बहुतेकींच्या घरी असते. माणूस गेल्यावर त्याचे कपडे आपण देऊन टाकतो, चष्मा कोणा गरजूला देतो, औषधांच्या बाटल्या तर तेराव्याच्या आतच घराबाहेर जातात. पण ट्रंकेला कोणी हात लावत नाही. "बघू सावकाश," असं म्हणता म्हणता वर्ष निघून जातं.

ट्रंक खाली काढली. आत खाकी कॅनव्हासची एक पिशवी, पाण्याची छागल, लोखंडी शेंबी बसवलेली काठी, सेल गळून गंजलेली एक बॅटरी आणि शाळेत मुलं वापरतात तसल्या शंभर पानी वह्या. मोजल्या तर एकतीस भरल्या.

आमचे हे म्हणाले, "वाळवी लागायच्या आत रद्दीत देऊन टाकू या."

मला वाटलं, सासूबाई नको म्हणतील. पण त्या तांदूळ निवडता निवडता मान वर न करताच म्हणाल्या, "द्या की. कामून ठेवायच्या? जलमभर त्या वह्यांनीच माझा रविवार खाल्ला."

घरात एकदम शांतता पसरली. चाळीस वर्षांत मी त्यांच्या तोंडून अण्णांविषयी असं काही ऐकलं नव्हतं.

आता आमचे अण्णा कसे होते ते सांगते. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी अशा सगळीकडे बदल्या झाल्या. आपला जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. त्याआधी आम्ही औरंगाबाद जिल्ह्यातले. अण्णा मात्र म्हणायचे, "जिल्हा कागदावर बदलला, माळ तोच आहे." बदलीचा हुकूम आला की घरातल्या बायका डबे-भांडी बांधता बांधता डोळे पुसायच्या आणि अण्णा शिपायाला विचारायचे, "त्या गावाला टेकडी कोणत्या बाजूला आहे?"

संसारात त्यांचं लक्ष नव्हतं असं कोणी म्हणू शकणार नाही. पगार पहिल्या तारखेला सासूबाईंच्या हातात. पोरांची शिक्षणं वेळेवर, बहिणींची लग्नं वेळेवर. व्यसन म्हणाल तर सुपारीसुद्धा नाही. पण रविवार उजाडला की काठी, छागल आणि शिदोरी घेऊन स्वारी बाहेर. दिवेलागणीला परत. कधी भोकरदनकडे अजिंठ्याच्या डोंगररांगेत, कधी गोदाकाठी, कधी दुधनेच्या पात्रातून मैलोन् मैल. अन्व्याचं जुनं महादेवाचं देऊळ त्यांनी पोरांना खांबन् खांब मोजून दाखवलं. असईचं मैदानही त्यांच्या आवडीचं. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथे इंग्रजांची आणि शिंदे-भोसल्यांची मोठी लढाई झाली. तिथल्या नदीत पाय सोडून बसायचं आणि पोरांना तोफा कुठे असतील ते दाखवायचं, हा त्यांचा शिरस्ता.

डोंगर म्हणावेत असे मोठे गडकिल्ले आपल्या भागात कमी. सह्याद्री इथून दूर. म्हणून अण्णा सह्याद्री पुस्तकातून बघायचे. वाचनालयातून गो. नी. दांडेकरांची पुस्तकं यायची आणि परतीची तारीख उलटून गेली तरी घरातच राहायची. 'पवनाकाठचा धोंडी', 'माचीवरला बुधा', 'जैत रे जैत', 'दुर्गभ्रमणगाथा'. मुंबई सोडून राजमाचीच्या माचीवर एकटा राहायला गेलेला तो म्हातारा बुधा तर अण्णांना सख्ख्या चुलत्यासारखा वाटायचा.

गोनीदांचं आयुष्य तुमच्यातल्या पुष्कळजणींना ठाऊक असेल. ८ जुलै १९१६ चा जन्म, विदर्भातल्या परतवाड्याचा. तेराव्या वर्षी शाळा सोडून स्वातंत्र्यलढ्याच्या ओढीने घराबाहेर पडले. गाडगेबाबांच्या सहवासात राहिले, नर्मदेची परिक्रमा पायी केली. असा माणूस पुन्हा घरात कशाला येतोय, असं कोणालाही वाटलं असतं. पण ते आले. लग्न केलं, तळेगाव दाभाड्याला बिऱ्हाड थाटलं आणि लेखणीवर संसार चालवला. 'स्मरणगाथे'ला १९७६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९८१ साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. या सगळ्यात गडांवरची वारी चालूच. मात्र ती एकट्याची ठेवली नाही. लेकीला नेलं, पुढे नातवंडांना नेलं. १ जून १९९८ रोजी ते गेले.

त्यांच्या मागे काय झालं, ते मला आज अधिक महत्त्वाचं वाटतं. त्यांच्या कन्या वीणा देव यांनी वडिलांवर 'आशक मस्त फकीर' हे पुस्तक लिहिलं. पती विजय देव आणि घरची मंडळी यांना बरोबर घेऊन वडिलांच्या कादंबऱ्या गावोगाव मोठ्याने वाचून दाखवल्या. आपली अभिनेत्री मृणाल कुलकर्णी ती त्यांचीच लेक, आजोबांची पुस्तकं वाचायला तीही उभी राहिली. वडिलांच्या आठवणीसाठी त्यांनी आधी त्यांचे शब्दच लोकांच्या कानी घातले. वीणाताईही २०२४ च्या ऑक्टोबरात गेल्या, पण तोवर गोनीदांचा शब्द दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या कानात पडला होता.

ट्रंकेसमोर बसल्यावर मला हे सगळं आठवलं. मी यांना म्हटलं, "रद्दीवाला पळून जात नाही. आठ दिवस द्या मला. निदान वाचून तरी बघते."

दुपारची झाकपाक झाली की मी एकेक वही घेऊन बसू लागले. सासूबाई शेजारी पडलेल्या असायच्या, डोळे मिटून. झोपलेल्या नसायच्या, हे मला माहीत होतं. मी मुद्दामच मोठ्याने वाचायला लागले.

अण्णांचं लिहिणं मास्तरी. तारीख, वार, कुठून कुठे गेलो, किती वाजता निघालो. मग दिसलं ते: पळस फुलला. तरवड पिवळाधमक. टिटवीने उघड्या माळावर चार अंडी घातली आहेत, गुराख्यांना सांगून आलो. काळविटांचा कळप. पाखरांची नावं मेंढपाळांनी सांगितली तशीच लिहिलेली. वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांनीही रानातल्या माणसांकडूनच असे शब्द वेचले आणि 'पक्षिकोश' मराठीला दिला. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते गेले. अण्णांना तेवढी विद्या नव्हती, पण कान तसाच होता.

आणि प्रत्येक नोंदीच्या शेवटी, न चुकता, एक ओळ: 'शिदोरी'. 'शिदोरी: दशम्या, लसणाची चटणी.' 'शिदोरी: धपाटे, कांदा.' 'शिदोरी: दशम्या, तिळाची चटणी. सोमवारीही चांगल्या राहिल्या.' एकतीस वह्यांत एकही रविवार शिदोरीवाचून नाही.

मला वाटलं, सासूबाईंना हे ऐकून बरं वाटेल. त्या उठून बसल्या. म्हणाल्या, "म्हणजे काय खाल्लं ते लिहिलं. कोणी बांधून दिलं ते नाही लिहिलं."

मैत्रिणींनो, मी निरुत्तर झाले. पहाटे चारला उठून, चूल पेटवून, दुधात पीठ भिजवून त्यांनी दशम्या केल्या त्या शेकडो रविवारी. मग घरी राहून पोरांची दुखणीखुपणी, आल्यागेल्याचं, आठवड्याचं धुणं. आणि ज्या डोंगराच्या नावाने हे सगळं केलं तो डोंगर त्यांनी एकदाही पाहिला नाही. 'चल' असं त्यांना कोणी म्हटलं नाही. आम्हीही नाही. मीसुद्धा नाही.

आपल्याच जिल्ह्यातलं जांब गाव बघा, घनसावंगी तालुक्यातलं. समर्थ रामदासांचं जन्मगाव. १६०८ सालच्या रामनवमीचा त्यांचा जन्म. 'सावधान' शब्द ऐकून बोहल्यावरून पळालेला नारायण आपण सगळे जाणतो. टाकळीची बारा वर्षांची तपश्चर्या, पुढची भारतभ्रमंती, तेही जाणतो. गोनीदांनीच त्यांच्यावर 'दास डोंगरी राहतो' ही कादंबरी लिहिली. पण जांबच्या घरात वाट बघत राहिलेली एक आई होती, राणूबाई. रडून रडून तिचे डोळे गेले होते आणि चोवीस वर्षांनी परतलेल्या लेकाच्या हाताने तिला पुन्हा दृष्टी आली, असं परंपरा सांगते. समर्थ संन्यस्त होते, त्यांची वाटच निराळी. आपली माणसं संसारी. ती दिवेलागणीला परत येतात. म्हणून त्यांच्या घरच्यांनी वाट बघितली, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

पुढची वही १९७२ ची होती. तो दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. रस्त्याच्या आणि तलावाच्या कामांवर खडी फोडणाऱ्या बायका, लाल मिलोची भाकरी, पोरांना सुकडी. त्या वहीत पाखरं नाहीत, फुलं नाहीत. नुसत्या विहिरी. कोणत्या शिवारातल्या विहिरीला किती परसांवर पाणी आहे, उपसा चालू आहे की बंद, रात्री किती वाजता गेलं तर घागर भरते. आणि एका नोंदीत: 'रात्री दोन. बरोबर ही होती. तीन घागरी मिळाल्या. येताना चांदणं होतं.'

मी थांबले. सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "व्हय. गेले होते मी. थोरला झोपलेला होता, शेजारणीला बसवून गेले होते. तेवढ्या उन्हाळ्यात रविवार माझा होता, बाई."

दुष्काळात पाण्याला जायचं म्हणून नवऱ्याबरोबर रानातून चालायला मिळालं, एवढंच त्यांच्या वाट्याला आलं. आणि तेही त्यांनी पन्नासहून जास्त वर्षं जपून ठेवलं होतं.

आणखी पुढे एका जानेवारीतली नोंद सापडली: 'शिदोरी: आज हिने दशमीत तीळ घातले. उत्तम.' मी मोठ्या उत्साहाने वाचून दाखवली. सासूबाई म्हणाल्या, "संक्रांतीचे उरले होते, म्हणून घातले." पण या वेळी त्या हसल्या.

नवव्या दिवशी यांनी विचारलं, "मग, रद्दीवाल्याला बोलवू?"

सासूबाईच म्हणाल्या, "राहू द्या. माझ्या दशम्यांचा हिशेब आहे तो."

गेल्या पंधरवड्यात आम्ही एक भाड्याची गाडी केली आणि त्यांना भोकरदनच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी घेऊन गेलो. त्या दिवशी पहाटे दशम्या मी केल्या. त्यांनी गाडीतून उतरून चहूकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढंच होय?" आम्ही सतरंजी घातली. ऊन उतरेपर्यंत त्या बसून राहिल्या. निघताना मी हात द्यायला गेले, तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हवा बरी आहे इथली. त्यांनी सांगायला पाहिजे होतं."

असो. अशी एखादी ट्रंक तुमच्याही माळ्यावर असेल, तर पुढच्या चार गोष्टी उपयोगी पडतील.

वह्या आणि पत्रे: कोरड्या हवेच्या दिवशी सावलीत उघडून ठेवा, कडक उन्हात नको. उन्हाने शाई उडते आणि कागद कडक होतो. मऊ ब्रशाने धूळ झाडा. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढून टाका. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, आत दमटपणा कोंडतो. धुतलेल्या जुन्या सुती धोतराच्या किंवा लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळा. कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा डांबराच्या गोळ्या पुरचुंडीत बांधून ट्रंकेच्या कोपऱ्यात ठेवा. पानांत पाला घातला तर डाग पडतात. ट्रंक जमिनीला टेकवू नका, खाली दोन विटा द्या. दर सहा महिन्यांनी उघडून बघा.

फोटो: मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीने, दाब न देता, नावं, गाव आणि साल लिहा. बॉलपेनाचा वळ पुढे उमटतो. हे काम आजच करा. फोटोतली माणसं ओळखणारी माणसं आपल्याला कायमची पुरत नाहीत. नातवंडांकडून वह्यांच्या पानांचे मोबाईलवर फोटो काढून घ्या आणि दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवा.

काठी आणि पिशवी: काठी कोरड्या फडक्याने पुसून जवसाचं तेल पातळ चोळा. तेलाचा बोळा मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. पसरून, बाहेर वाळवा. कॅनव्हास रिठ्याच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवावा. बॅटरीतले जुने सेल आधी काढून टाका. ते गळले की शेजारच्या सगळ्या वस्तूंचा नाश करतात.

दशम्या: दोन वाट्या कणीक (आवडत असल्यास निम्मं ज्वारीचं पीठ), चवीला मीठ, एक चमचा गरम तुपाचं मोहन. पाण्याचा थेंबही न घालता कोमट दुधात पीठ मळावं आणि अर्धा तास झाकून ठेवावं. पोळीपेक्षा किंचित जाड लाटून मंद आचेवर तूप सोडून भाजाव्यात. पूर्ण गार झाल्यावरच फडक्यात बांधाव्यात, नाहीतर घाम येऊन चिकटतात. थंडीत दोन दिवस टिकतात, उन्हाळ्यात मात्र त्याच दिवशी संपवाव्यात. आणि हो, करणारीने आपल्यासाठीही दोन जास्त कराव्यात.

आणखी एक गोष्ट ट्रंकेबाहेरची. आपल्या घरातलं जे माणूस अजून आपल्यात आहे, त्याच्याजवळ बसा आणि विचारा. तुम्ही कुठे जात होता? काय बघत होता? बरोबर कोण होतं? आणि घरी राहिलेल्या बाईलाही विचारा, तुला कुठे जायचं होतं? तिच्या वह्या कोणी लिहिलेल्या नसतात. तिच्याकडून ऐकलं नाही, तर मागे काहीच राहत नाही.

वर्षश्राद्धाच्या दिवशी पंगत उठल्यावर आम्ही सगळे ओसरीवर बसणार आहोत. प्रत्येकाने अण्णांच्या वहीतलं एकेक पान मोठ्याने वाचायचं, असं ठरलं आहे. माझ्या मुलाने १८०३ च्या असईचं पान निवडलं आहे, धाकट्या जावेने टिटवीचं. सासूबाईंना आता बारीक अक्षर दिसत नाही. त्या म्हणाल्या, "विहिरीचं पान माझं. मला वाचायला लागत नाही, ते मी नुसतं सांगेन."

तुमच्या घरच्या ट्रंकेत काय निघालं, ते मला जरूर कळवा. पुढच्या अंकात पावसाळ्यात डाळी-कडधान्यांना कीड लागू नये म्हणून काय करावं, ते पाहू.